सायलेंट व्हॅलीच्या वर्षावनात जायचे असेल, तर बेत मुक्कालीच्या सकाळपासून उलटा आखा

ठाणे आणि नवी मुंबईतून केरळातील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाला जाऊन आलेल्या अनेकांकडून मी एकच तक्रार ऐकली आहे: एवढा लांबचा प्रवास केला, दोन रात्री राहिलो, पण जंगल काही पाहायला मिळाले नाही. थोडे खोलात शिरून विचारले की कारणही बहुधा तेच निघते. रेल्वेचे तिकीट सर्वांत आधी काढलेले असते, त्यानंतर हॉटेल ठरलेले असते, आणि उद्यानातील प्रवेशाची चौकशी गाडीत बसल्यावर सुरू होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून येऊरला फेरी मारून यायची आपल्याला सवय असते, आणि ताडोबा पाहिलेल्यांच्या मनात वाघाच्या सफारीचे चित्र पक्के बसलेले असते. वर्षावनात या दोन्ही सवयी आडव्या येतात.

या सहलीचा सगळा भार एका सकाळवर असतो. पालक्काड जिल्ह्यातील मुक्काली या गावी वन विभागाचे कार्यालय आहे. तेथून जीप निघते, २३ किलोमीटर आत सैरंध्री नावाच्या जागी जाते आणि जाऊन-येऊन साधारण पाच तासांत परत येते. स्वतःची गाडी आत नेता येत नाही आणि गाभा क्षेत्रात सर्वसाधारण पर्यटकाला मुक्काम करता येत नाही. म्हणून आधी ही सकाळ पक्की करावी आणि तेथून मागे मागे येत बाकीचे ठरवावे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि हा क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

टप्पा १ : महिना आणि वार ठरवणे

आपल्याकडील कुटुंबे सहसा दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी धरून बेत आखतात, आणि या जंगलासाठी या दोन्ही वेळा गैरसोयीच्या आहेत. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडचा पाऊस ओसरलेला असला, तरी केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा आणि ईशान्य मोसमी पाऊस असतो. सकाळ कोरडी जाते आणि दुपारनंतर विजांसह सर येते. मे महिन्यात उकाडा असतो, सुट्टीची गर्दी असते आणि वळवाचा पाऊस सुरू झालेला असतो. जून ते सप्टेंबर हा मुख्य पावसाळा; त्या काळात ढग झाडांच्या शेंड्यांपर्यंत उतरतात, जळवांचा सुकाळ असतो आणि झाड पडून रस्ता बंद झाला, तर कोणाचाच इलाज नसतो.

उरतो डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ. त्यातही एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाच्या यात्रेचा हंगाम असतो आणि केरळकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब भरलेल्या असतात. नाताळचा आठवडा तर पूर्णपणे टाळावा. माझ्या मते संक्रांतीनंतरचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा सर्वांत चांगला काळ. मार्चपासून गवताळ डोंगरउतार वाळतात, आणि वणव्याचा धोका वाढला की वन विभाग प्रवेश थांबवू शकतो.

वार मंगळवार ते गुरुवार यांपैकी निवडावा. शनिवार-रविवारी कोइम्बतूर, त्रिशूर आणि पालक्काडहून दिवसभराच्या सहलीला येणाऱ्यांची मोठी गर्दी असते. २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी सोयीची वाटते खरी, पण ती स्थानिकांनाही तितकीच सोयीची असते.

तपासा: निवडलेल्या आठवड्यात मुक्कालीला लागोपाठ दोन सकाळी मिळत आहेत ना? एक मुख्य आणि एक राखीव. पाऊस, पडलेले झाड किंवा रस्त्यावर थांबलेले हत्ती यांमुळे एखादी सकाळ वाया जाऊ शकते. राखीव सकाळ हाताशी नसेल, तर बेत पुढे ढकलावा, पण एका सकाळवर भिस्त ठेवून निघू नये.

टप्पा २ : वन विभागाशी बोलणे

हे काम तिकिटाच्या आधी करायचे आहे. कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक केरळ वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, कारण शोध घेताना सर्वांत वर दिसणारी अनेक पाने खासगी सहल-विक्रेत्यांची असतात आणि त्यांच्याकडे पैसे भरले म्हणजे प्रवेश मिळाला, असे होत नाही. सकाळी अकराच्या सुमारास फोन करावा. त्याआधी कर्मचारी जीप सोडण्याच्या गडबडीत असतात. मल्याळम येत नसेल, तर साधे इंग्रजी सावकाश बोलावे. हिंदीने काम होईलच, हे गृहीत धरू नये.

विचारायचे प्रश्न आधी कागदावर लिहून काढावेत. ठरवलेल्या दोन्ही तारखांना उद्यान खुले आहे का. जागा आगाऊ राखून ठेवता येते का आणि ती कशाने पक्की होते. शुल्क माणशी आहे की जीपमागे आणि एका जीपमध्ये किती जण बसतात. कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे आहे का. कोणते ओळखपत्र लागते. नदीकडे जाणारी पायवाट सध्या खुली आहे का. यांतला शेवटचा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही, आणि सैरंध्रीला पोहोचल्यावर वाट बंद दिसली की हिरमोड होतो.

एका जीपमध्ये बसतील तेवढीच माणसे जमवावीत. आठ-दहा जणांचा गट झाला की दोन जीप लागतात, दोन्ही एकाच वेळी मिळतील याची खात्री नसते, आणि जंगलात बोलणे वाढते ते वेगळेच.

सावधान: नावांचा घोटाळा टाळा. तामिळनाडूतील कोडाइकनालला ‘सायलेंट व्हॅली व्ह्यू’ नावाचे दरी पाहण्याचे ठिकाण आहे. त्याचा या उद्यानाशी संबंध नाही. त्याचप्रमाणे नकाशात हे उद्यान उटीच्या डोंगरांना आणि मुकुर्ती राष्ट्रीय उद्यानाला लागून दिसते, म्हणून उटीहून खाली उतरता येईल, असे काहींना वाटते. पर्यटकांसाठी तशी वाट नाही. प्रवेश मुक्कालीतूनच करायचा.

टप्पा ३ : रेल्वे, आणि रेल्वेनंतरचे तास

आता तिकीट काढावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. त्यापूर्वीच्या १२० दिवसांच्या हिशेबाने अजूनही काही जण निर्धास्त राहतात किंवा उगाच लवकर शोधत बसतात. कोकण रेल्वेमार्गे जाणारी नेत्रावती एक्सप्रेस ठाण्याला आणि पनवेलला थांबते. नवी मुंबईकरांनी सामान घेऊन ठाण्याला किंवा कुर्ल्याला जाण्याऐवजी पनवेलहून बसावे. आरक्षण करतानाच चढण्याचे स्थानक नीट निवडावे. उतरायचे शोरनूरला. तेथून मन्नारकाड आणि मन्नारकाडहून घाट चढून मुक्काली, असा रस्ता आहे. कोइम्बतूरपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जाऊन अनैकट्टी आणि अगळीमार्गेही मुक्कालीला पोहोचता येते.

चूक होते ती पुढच्या हिशेबात. गाडी सकाळी पोहोचते, तेथून मुक्काली फार लांब नाही, तेव्हा त्याच दिवशी जंगल करून घेऊ, असा विचार मनात येतोच. पहिल्या खेपेस आम्ही हेच केले. वार शनिवार होता. शोरनूरला उतरून चहा-नाश्ता केला, टॅक्सी ठरवली, घाटात एका मुलाला उलटी झाली म्हणून थांबलो आणि साडेअकराला मुक्कालीच्या वन कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहिलो. आतल्या गृहस्थांनी काही न बोलता वही आमच्याकडे फिरवली: त्या दिवशीच्या सगळ्या जीपसमोर नावे लिहिलेली होती. प्रवेश सकाळी आठला सुरू होतो आणि दुपारी एकनंतर आत सोडत नाहीत, हे आम्हाला ठाऊक होते. पण एकपर्यंत वेळ आहे म्हणजे एकपर्यंत जीपही शिल्लक असेल, हा निष्कर्ष आमचा आम्हीच काढला होता.

म्हणून पोहोचण्याचा दिवस हा केवळ पोहोचण्याचाच धरावा. परतीचे तिकीटही राखीव सकाळीनंतरच्या दिवसाचे असावे. जीपमधून दुपारी परतून संध्याकाळची गाडी पकडण्याचा बेत कागदावर जमतो, पण घाटात एक ट्रक बंद पडला की तो कोसळतो.

तपासा: पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू होते आणि गाड्या हळू धावतात. त्या काळात जायचेच असेल, तर पोहोचण्याची वेळ नव्याने पाहावी. जुन्या तिकिटावरील वेळ धरून टॅक्सी ठरवू नये.

टप्पा ४ : मुक्काम

मुक्काम मुक्कालीत किंवा तेथून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात असावा. वन विभागाची निवासव्यवस्था मुक्कालीत आहे. तिची चौकशी दुसऱ्या टप्प्यातील फोनवरच करून टाकावी. खासगी जागा घेताना ‘सायलेंट व्हॅलीजवळ’ या शब्दांवर विसंबू नये. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशीच जाहिरात पाहून खोली घेतली, आणि ती मुक्कालीपासून घाटवळणांच्या रस्त्याने तासाभरापेक्षा जास्त अंतरावर निघाली. जागामालकाला एकच प्रश्न विचारावा: तुमच्या दारातून मुक्कालीच्या वन कार्यालयाला सकाळी सहा वाजता जायला किती वेळ लागतो आणि त्या वेळी वाहन मिळते का?

मन्नारकाड हे तालुक्याचे गाव आहे, तेथे लॉज भरपूर आहेत, एटीएम आहे, औषधांची दुकाने आहेत. पण तेथे राहिलात, तर पहाटे अंधारात घाट चढावा लागतो. मन्नारकाडला थांबून रोख रक्कम काढावी, गरजेची औषधे घ्यावीत आणि मुक्कामाला वर जावे.

टप्पा ५ : सामान

हा टप्पा लांब आहे, कारण सर्वांत जास्त चुका येथेच होतात, आणि त्या सुधारायला मुक्कालीत दुकान नाही.

जळवांपासून वाचण्याचे मोजे. साधे लोकरी किंवा सुती मोजे विणीचे असतात, आणि ताणल्यावर विणीची भोके मोठी होऊन जळू आरपार जाते. त्यासाठी घट्ट विणलेल्या कापडाचे, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे पिशवीसारखे मोजे लागतात. ते विकत मिळतात, पण घराजवळच्या शिंप्याकडून मांजरपाटाचे शिवून घेणे मला अधिक पसंत आहे. कापड आधी धुवून आटवून घ्यावे आणि ट्यूबलाइटसमोर धरून पाहावे. उजेडाचे ठिपके दिसत असतील, तर ते कापड घेऊ नये. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगावी, नाहीतर बुटात ती घोट्याला घासते. वरच्या टोकाला नेफा आणि नाडी. मी पहिल्यांदा शिवून घेतलेला जोड मापाला इतका नेमका होता की टाच वळणाच्या आत शिरेचना, आणि जोर केल्यावर शिवण उसवली. तेव्हा पोटरीवर सैल पडेल एवढे माप सांगितले, तरी चालेल. घालण्याचा क्रम असा: आधी नेहमीचा मोजा, त्यावर विजारीच्या पायाचे टोक आत खोचून हा मोजा, नाडी गुडघ्याखाली बांधलेली, आणि शेवटी बूट. मोजा विजारीच्या आत घातला, तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो, कारण जळू बुटावरून वर चढते आणि सरळ विजारीत शिरते.

कपडे. जीन्स नेऊ नये. एकदा भिजली की दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही. सुती सदराही घामाने ओला झाला की ओलाच राहतो. चटकन वाळणाऱ्या कापडाचे, पूर्ण बाह्यांचे, खाकी, शेवाळी किंवा करड्या रंगाचे कपडे घ्यावेत. पांढरा आणि भडक लाल टाळावा. रेनकोटमध्ये आतून घाम येऊन माणूस तितकाच भिजतो, म्हणून जीपच्या रस्त्यासाठी आणि सैरंध्रीच्या निरीक्षण मनोऱ्याजवळच्या मोकळ्या जागेसाठी एक काळी छत्री जास्त उपयोगी पडते. बूट नवे नसावेत आणि तळ गुळगुळीत झालेलेही नसावेत.

दुर्बीण. दुकानदार १०×४२ घ्या म्हणतात, कारण ती जास्त मोठे दाखवते. वर्षावनात ८×४२ बरी. कारण साधे आहे: भिंगाचा व्यास वर्धनाने भागला की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिलिमीटर, ४२ भागिले १० म्हणजे ४.२. झाडांच्या छताखालच्या सावलीत हा फरक डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. शिवाय कमी वर्धनात जास्त रुंद भाग दिसतो आणि फांदीवरून फांदीवर जाणारे माकड सापडायला मदत होते. चार माणसांत एकच दुर्बीण असेल, तर तीन माणसे फक्त ‘कुठे, कुठे’ विचारत राहतात. किमान दोघांत एक तरी असावी.

कॅमेरा आणि फोन. वातानुकूलित खोलीतून किंवा टॅक्सीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की भिंगावर आणि कधी आतल्या बाजूलाही बाष्प धरते. आदल्या रात्री एसी बंद ठेवावा किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्यावा. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी. निळे दाणे गुलाबी झाले असतील, तर त्यांनी आधीच ओल शोषलेली असते आणि ते तव्यावर मंद आचेवर तापवून घ्यावे लागतात.

खाणे. उद्यानात प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत. वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलेल्यांचा अर्धा तास खिडकीपाशी सामान रिकामे करण्यात जातो. स्टीलची बाटली आणि स्टीलचा डबा घ्यावा. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या दोन दिवस टिकतात, फडक्यात बांधून नेता येतात आणि कचरा शिल्लक ठेवत नाहीत.

औषधे. गाडी लागण्याची गोळी, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, कीटक दूर ठेवणारे मलम. रोजची औषधे दोन जागी विभागून ठेवावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी जळू चावल्यास काय करायचे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत ही गोष्ट हमखास राहून जाते.

टप्पा ६ : घराजवळचा सराव

प्रवासाच्या आधी दोन रविवार यासाठी काढावेत. ठाणेकरांनी येऊरला, नवी मुंबईकरांनी कर्नाळ्याला जावे. दोन्ही ठिकाणचे जंगल पानगळीचे आहे, वर्षावन नाही. पण सराव जंगलाचा नसून आपल्या सवयींचा करायचा आहे. मांजरपाटाचे मोजे घालून दोन तास चालून पाहावे. दुर्बीण डोळ्यांना लावताना नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण नजरेच्या आड आणायची, हे दहा-वीस वेळा करावे. आणि पंधरा मिनिटे एका जागी न बोलता उभे राहावे. मुलांना यांतले शेवटचे सर्वांत अवघड जाते, म्हणून त्यांच्याकडून ते घराजवळच करवून घ्यावे.

तपासा: २३ किलोमीटरचा आतला रस्ता खडबडीत आहे आणि तेवढाच परतीचा. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही फेरी करू नये. निरीक्षण मनोरा ३० मीटर उंच आहे. चढायला गुडघे आणि उंचीची सवय, दोन्ही लागतात. न चढणाऱ्यांनी खाली थांबल्यानेही फार काही बिघडत नाही.

टप्पा ७ : आदली संध्याकाळ

मुक्कालीला पोहोचल्यावर सामान टाकून आधी वन कार्यालयात जावे, आपले नाव उद्याच्या यादीत आहे, हे प्रत्यक्ष पाहावे आणि सकाळी किती वाजता हजर राहायचे, हे विचारून घ्यावे. शुल्काची रक्कम रोख आणि सुटी ठेवावी. डोंगरात मोबाइलचे जाळे बेभरवशाचे असल्याने फोनवरून पैसे भरण्यावर विसंबता येत नाही. ओळखपत्रांच्या कागदी प्रती काढलेल्या असाव्यात. सकाळी सातच्या आधी नाश्ता मिळेल का, हे जवळच्या हॉटेलात विचारून ठेवावे. घरी फोन करून उद्या दुपारपर्यंत संपर्क होणार नाही, असे सांगून ठेवावे.

मुक्काली अट्टप्पाडी भागात येते. येथे इरुळर, मुडुगर आणि कुरुंबर या आदिवासी समाजांच्या वस्त्या आहेत. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालात, तर वस्तीत शिरून, न विचारता घरांचे आणि माणसांचे फोटो काढू नयेत.

टप्पा ८ : जीप, मनोरा, नदी

सातच्या सुमारास खिडकीपाशी असावे आणि पहिल्या जीपमध्ये जागा मागावी. निघण्यापूर्वी वाटाड्याला दोन गोष्टी सांगाव्यात: आम्हाला घाई नाही, आणि काही दिसले की गाडी थांबवून इंजिन बंद करावे. हे न सांगितल्यास सैरंध्रीला लवकर पोहोचवणे म्हणजेच चांगली सेवा, असा समज होऊ शकतो. वास्तविक जाताना लागणारे दीड-दोन तास हाच प्राणी दिसण्याचा मुख्य काळ असतो.

पाहावे कोठे, हा खरा प्रश्न आहे. ताडोब्यात नजर रस्त्यावर आणि झुडपांत ठेवायची असते; येथे ती वर ठेवावी लागते. सिंहपुच्छ वानर जवळजवळ सगळे आयुष्य झाडांच्या छतात काढते. ते आधी दिसत नाही. आधी खाली काहीतरी पडते. कुलेनिया नावाच्या उंच झाडाची फळे लहान फणसासारखी काटेरी असतात, आणि हे वानर त्यांची फुले आणि फळे आवडीने खाते. रस्त्यावर ताज्या, ओल्या साली विखुरलेल्या दिसल्या की गाडी तेथेच थांबवावी, खाली न उतरता वर पाहावे आणि वारा नसताना हलणारी फांदी शोधावी. एका सकाळी आम्ही अशाच साली पाहून थांबलो. दहा मिनिटे काहीच घडले नाही. मग जीपच्या टपावर टप्पकन एक तुकडा पडला, आणि बरोबर डोक्यावर, पानांच्या फटीत, राखाडी आयाळीत बसवलेले काळे तोंड खाली आमच्याकडेच पाहत होते.

सावधान: निलगिरी वानर पाहून ‘सिंहपुच्छ दिसले’ असे समजणारे खूप असतात. निलगिरी वानराचे अंग काळे, डोके पिवळसर तपकिरी आणि शेपूट लांब, गोंड्याविना असते. सिंहपुच्छाच्या चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ असते आणि त्याची शेपूट तुलनेने आखूड, टोकाला लहान गोंडा असलेली असते. झाडावर तांबूस-काळे, लांब झुपकेदार शेपटीचे काही पळाले, तर ते बहुधा आपल्या भीमाशंकरच्या शेकरूचे भाऊबंद असते.

पक्षी येथे एकेकटे कमी आणि मिश्र थव्याने जास्त दिसतात. बराच वेळ शुकशुकाट असतो आणि एकाएकी पाच-सहा जातींचे पक्षी एकाच झाडावर उतरून पुढे सरकतात. शुकशुकाटाला कंटाळून पुढे निघालेल्यांचा थवा हुकतो.

हत्ती रस्त्यावर असतील, तर निर्णय वाटाड्याचा. हॉर्न वाजवायला, गाडी पुढे घ्यायला किंवा फोटोसाठी उतरू द्यायला त्याला भरीस पाडू नये.

सैरंध्रीला पोहोचल्यावर आधी मनोरा चढावा आणि नंतर नदीकडे जावे. ऊन चढले की छतावरची हालचाल मंदावते, तर नदी केव्हाही तेथेच असते. मनोऱ्यावरून कुंतीपुळा नदीची दरी आणि अखंड हिरवे छत दिसते. वर गर्दी असेल, तर थोडे खाली थांबून रांग सरकू द्यावी. नदीपर्यंतची पायवाट सुमारे दीड किलोमीटर आहे आणि जाताना ती उताराची आहे, म्हणजे दमण्याचा भाग परतताना येतो. निम्मे पाणी परतीसाठी राखावे. पाण्यात उतरू नये. वाटेच्या कडेला हात टेकण्यासाठी फांदी धरण्यापूर्वी ती नीट पाहावी, कारण मलबारी चापडा हा विषारी साप फांद्यांवर आणि दगडांवर निश्चल बसून राहतो आणि त्याचा रंग पानांत व शेवाळात मिसळतो. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर तयार केलेले असते. चापड्यांच्या विषाचा त्यात समावेश नाही. दंश झालाच, तर आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, अवयव स्थिर ठेवून वाटाड्याला लगेच सांगावे. अट्टप्पाडीत कोट्टत्तरा येथे सरकारी आदिवासी विशेष रुग्णालय आहे.

जळू लागली, तर ओढून काढू नये, आणि मीठ, तंबाखू किंवा काडेपेटी तर मुळीच वापरू नये; त्याने जळू पोटातले जखमेत ओकते आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. नख त्वचेला सपाट टेकवून आधी तिच्या निमुळत्या टोकाखाली सरकवावे, मग रुंद टोकाखाली, आणि ती सुटली की टिचकीने दूर करावी. जखम पाण्याने धुऊन गॉज दाबून धरावा. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असल्याने रक्त बराच वेळ झिरपते. त्याने घाबरून जाऊ नये.

टप्पा ९ : परतल्यावर

खोलीवर येताच कपडे काढून अंग तपासावे: काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कानांच्या मागे, मुलांचे केस. गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, पिळू नये. पश्चिम घाटात गोचिडींमुळे माकडताप होतो. आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागातही तो आढळलेला आहे. बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये चाव्याच्या जागी बहुधा एक न दुखणारी काळी खपली दिसते, आणि ताप चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी येतो. म्हणजे तोपर्यंत आपण ठाण्याला परतून कामाला लागलेलो असतो, आणि जंगलाची आठवण डॉक्टरांना सांगायचीच राहते. सहलीनंतर तीन आठवड्यांत ताप आल्यास कोणत्या तारखांना कोणत्या जंगलात होतो, हे पहिल्याच भेटीत सांगावे आणि खपली दिसली असेल, तर ती दाखवावी.

दुर्बीण आणि कॅमेरा घरी आल्या आल्या कपाटात बंद करू नयेत. दोन दिवस उघड्यावर, पंख्याखाली ठेवावेत, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते. मांजरपाटाचे मोजे उलटे करून गरम पाण्यात धुवावेत. बुटांच्या तळव्यातील खाचांत अडकलेली माती आणि बिया जुन्या टूथब्रशने काढून कचऱ्याच्या डब्यात टाकाव्यात, आणि तळवे साबणाने धुऊन वाळल्याशिवाय ते बूट घालून येऊरच्या किंवा कर्नाळ्याच्या वाटेवर जाऊ नये, कारण एका जंगलाचे बी दुसऱ्या जंगलात अशाच खाचांतून पोहोचते.